टोनीचा सोहळा आणि आपली राज्य नाट्य

भावा, तुझा प्रश्न असा की न्यूयॉर्कच्या नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांच्या टीव्हीवरच्या सोहळ्यात संगीतिकांना पाच-पाच मिनिटं मिळतात आणि गद्य नाटकं दोन वाक्यांत उरकतात, मग हे पुरस्कार टीव्हीसाठीच आहेत का? आणि आपल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालालाही असा झगमगाट हवा का?

पुरस्कार टीव्हीसाठी नाहीत. ते 1947 मध्ये सुरू झाले, अमेरिकाभर टीव्हीवर थेट प्रक्षेपण 1967 पासून. मतदार आठशेच्या वर, आणि ज्या विभागात मत द्यायचं त्यातली नामांकित नाटकं त्यांनी थिएटरात बसून बघितलेली असावी लागतात. निकाल तिथं ठरतो. आपण सोमवारी पहाटे साडेपाचला चहा घेऊन बघतो ती बरीचशी तिकीटविक्री असते. मंचावर गाणं सादर करायचा खर्च बहुतेक वेळा त्या-त्या नाटकाचा निर्माताच उचलतो, कारण दुसऱ्या दिवशी बुकिंग हलतं. गाणं चार मिनिटांत सुटं काढता येतं. गद्य नाटकातला प्रवेश तसा उचलला की निम्मा मरतो. समजा, नाटकात अर्धा तास घरात काही बिनसलंय एवढंच जाणवत राहतं आणि मग बाप एक साधं वाक्य बोलतो. ते एकटं वाक्य टीव्हीवर दाखवून काय कळणार?

दुसरं म्हणजे टोनी हा अमेरिकेचा पुरस्कार नव्हे, ब्रॉडवेचा. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधली पाचशे किंवा जास्त खुर्च्यांची ठरावीक 41 थिएटरं, बस्स. शिकागोतलं नाटक कितीही भारी असो, न्यूयॉर्कला आल्याशिवाय स्पर्धेतच नाही. बाहेरगावच्या संस्थेला वर्षातून एक वेगळा सन्मान मिळतो. कोल्हापूरकराला हे दुखणं समजावून सांगायला नको.

आणि तंत्रज्ञांचं तर विचारूच नकोस. त्यांचे बरेचसे पुरस्कार मुख्य कार्यक्रमाच्या आधीच वाटून होतात. 2014 मध्ये तर ध्वनिसंयोजनाचा पुरस्कारच काढून टाकला होता. ध्वनी कसा जोखायचा हे मतदारांना कळत नाही, असंही एक कारण तेव्हा पुढं आलं. ओरड झाली, मग 2017-18 च्या हंगामापासून परत आणला. आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात (2024 च्या आगीआधी) मागच्या रांगेत बसून नाटक ऐकलेल्याला ध्वनी जोखता येत नाही म्हणजे काय, हेच उमगायचं नाही.

राज्य नाट्यचं म्हणशील तर परीक्षक अख्खं नाटक समोर बसून बघतात आणि प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा यांची नावं निकालात अभिनयाच्या बरोबरीनं येतात. झगमगाटापायी हे गेलं तर तोटा आपलाच. कॅमेरा यायचाच असेल तर अंतिम फेरीला येऊ दे, पहिल्या घंटेपासून पडद्यापर्यंत सलग प्रयोग दाखवू दे. निवेदकाचे विनोद कापले तरी चालतील.