ट्यूब्यूल: नळी, नलिका की वाहिनी?

एका अनुवादक ताईंनी विचारलं आहे: "विज्ञानावरच्या एका लेखात मूत्रपिंडातले ट्यूब्यूल आहेत, पेशीतले मायक्रोट्यूब्यूल आहेत आणि कार्बनचेही आहेत. मी कुठे नळी, कुठे वाहिनी, कुठे सूक्ष्मवाहिनी असं लिहिलंय. सगळीकडे एकच शब्द चालेल का?"

चालेल, ताई. 'नलिका' लिहा. 'वाहिनी' मात्र काढा, निदान पेशीच्या परिच्छेदातून तरी नक्की.

लॅटिनमध्ये ट्यूबस म्हणजे नळी. तिला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून ट्यूब्युलस झालं. आपल्याकडेही तीच रीत आहे. संस्कृतात नल म्हणजे बोरूसारखं पोकळ गवत, त्यावरून नलिका. मराठीनं हेच घरच्या पद्धतीनं केलं: गाडा-गाडी, सुरा-सुरी, तसा नळा-नळी. म्हणजे 'नळी'तही लहानपणा आहेच, पण वापरात ती मोठी झाली. बागेला पाणी घालायची नळी, प्रयोगशाळेतली परीक्षानळी, मटणातली नळी! त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूसाठी 'नलिका' राखून ठेवणं सोयीचं. हा नियम काटेकोर नाही, अन्ननळी आणि अन्ननलिका दोन्ही चालतात. पण एका लेखापुरता तो पाळता येतो.

आता वाहिनी. हा शब्द काम सांगतो: रक्त वाहून नेते ती रक्तवाहिनी. नलिका फक्त आकार सांगते, आणि ट्यूब्यूलच्या बाबतीत तेवढंच हवं असतं. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र होतं जेमतेम दीड लिटर. बाकीचा द्रव नलिकांच्या भिंती शोषून रक्ताला परत देतात. खरं काम भिंतीचं. वाहिनी म्हटलं की लक्ष नुसत्या वाहण्याकडे जातं. दाताच्या आतल्या थरातही अशाच बारीक नलिका असतात. गार पाण्यानं त्यांच्यातला द्रव किंचित हलतो आणि कळ मस्तकात जाते.

पेशीतल्या सूक्ष्मनलिकेला तर वाहिनी म्हणणं सरळ चूक आहे. 'नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे' ही म्हण आपल्या डोक्यात इतकी बसली आहे की नळी म्हटली म्हणजे तिच्यातून काहीतरी जाणारच, असं वाटतं. इथे उलट आहे. सूक्ष्मनलिका सुमारे 25 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश) जाडीची असते आणि पेशीतला माल तिच्या पोटातून जात नाही. कायनेसिनसारखी प्रथिनं पाठीवर ओझं घेऊन तिच्या बाहेरच्या अंगावरून पाऊल पाऊल टाकत जातात. तिला वाट म्हणा, रूळ म्हणा, वाहिनी नको.

ही नलिका ज्या प्रथिनाची बनते त्याचं नावही तिच्यावरूनच आलं. 1967 मध्ये बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसीन हे द्रव्य पेशीत नेमकं कुठे चिकटतं ते शोधलं, आणि 1968 मध्ये जपानी शास्त्रज्ञ हिदेओ मोहरी यांनी त्या प्रथिनाला ट्युब्युलिन हे नाव दिलं. हेच कोल्चिसीन आपल्या कळलावीत असतं! पावसाळ्यात कोकणात, घाटात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी, तीच विषारी कळलावी. ट्युब्युलिनला चिकटून ते नवी नलिका उभी राहू देत नाही आणि पेशीचं विभाजन अडतं. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारी कर्करोगाची औषधंही याच प्रथिनाला धरतात.

कार्बनबद्दल तुमचा गोंधळ साहजिक आहे, कारण तो मुळातच आहे. 1991 मध्ये सुमिओ इजिमा यांनी ज्या निबंधातून कार्बनच्या नळ्यांकडे जगाचं लक्ष वेधलं, त्याच्या शीर्षकात 'मायक्रोट्यूब्यूल' हाच शब्द आहे. मराठीत ते शीर्षक 'ग्राफाइटी कार्बनच्या मळसूत्री सूक्ष्मनलिका' असं होईल. 'नॅनोट्यूब' पुढे रुळला. तुमच्या लेखात पेशी आणि कार्बन शेजारी शेजारी असल्यानं पेशीसाठी सूक्ष्मनलिका आणि कार्बनसाठी नॅनोनलिका असं वेगळं ठेवा. 'अब्जांशनलिका' मला आवडतो, पण वाचक अडखळेल. आणि 'सूक्ष्म' म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग असं इथे समजू नका, नाहीतर 25 नॅनोमीटरची वस्तू सूक्ष्म आणि 4 ते 30 नॅनोमीटरची कार्बनची नळी नॅनो, याचा मेळ लागणार नाही. इथे सूक्ष्म म्हणजे नुसतं फार लहान.

एका ठिकाणी मात्र मी नलिकेशेजारी दुसरा शब्द ठेवीन. 1984 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत यागर आणि शोएन यांना असे मेद सापडले, जे थंड होताना आपोआप पोकळ नलिकांचं रूप घेतात. त्यांचा पापुद्रा चटईसारखा गुंडाळला जातो. अशा गुंडाळून झालेल्या नळीला मराठीत सुरळी म्हणतात. सुरळीची वडी करणाऱ्याला ही रचना क्षणात कळेल. ट्युब्युलिनची नलिका मात्र गुंडाळलेली नसते, ती आडाच्या बांधकामासारखी एकेक वीट रचून उभी राहते. लेखात मेदांचा उल्लेख असेल तर पहिल्यांदा 'सुरळीसारखी गुंडाळलेली नलिका' लिहा, पुढे नुसतं नलिका पुरे.