जनुक चाचणीतला ‘धोका कमी’ हा शेरा नेमका कशाबद्दल?

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय: वडील 74 वर्षांचे, बीपी आटोक्यात, रक्तस्राव मेंदूच्या पृष्ठभागाजवळ (लोबार), आणि एपीओई चाचणीवर (या जनुकाचे ई2, ई3, ई4 असे प्रकार; प्रत्येकाकडे दोन प्रती) ‘ई2/ई3, धोका कमी’ असा शेरा. वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरीही सगळ्यांत महागात पडला तो हाच शेरा. आम्ही लॅबला विचारलं तर ‘रिपोर्ट बरोबर आहे’ एवढंच उत्तर. होताच बरोबर, पण फक्त अल्झायमरपुरता! हे मात्र कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ई2 अल्झायमरचा धोका कमी करतो. पण मेंदूच्या लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलं असेल (या आजाराला सीएए, म्हणजे सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी म्हणतात), तर त्याच ई2चा संबंध भिंतींना तडे जाऊन त्या फुटण्याशी आहे. ई4मुळे मुळात साचणंच वाढतं. म्हणजे रक्तस्रावाच्या बाबतीत दोन्ही वाईट. 2000 साली आलेल्या एका अभ्यासात लोबार रक्तस्रावातून वाचलेल्यांपैकी ई2 किंवा ई4 असणाऱ्या 28 टक्के लोकांना 2 वर्षांत पुन्हा रक्तस्राव झाला. ई3/ई3 असणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के. रुग्ण 71च होते, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. बेसल गँग्लिया, थॅलॅमस अशा खोल भागातल्या रक्तस्रावाचं गणित वेगळं, तिथे मुख्य आरोपी बीपीच.

चाचणीपेक्षा एमआरआय जास्त बोलतो, पण त्यात एसडब्ल्यूआय किंवा टी2-स्टार सिक्वेन्स (रक्ताचे बारीक डाग टिपणारी खास स्कॅन पद्धत) असेल तरच. फॉर्मवर तसं लिहून घ्या. सूक्ष्म रक्तस्राव किती, कुठे, आणि सुपरफिशियल सिडेरोसिस (मेंदूच्या पृष्ठभागावर साचलेले जुन्या रक्ताचे अंश) आहे का, हे रिपोर्टमध्ये मागा. सीटीत सूक्ष्म रक्तस्राव दिसत नाहीत.

भावंडांची चाचणी? माझ्या मते पैसे वाया. निकाल काहीही येवो, करायचं तेच: बीपी सांभाळणं. घरात अनेकांना पन्नाशीच्या आसपासच रक्तस्राव झाले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा एपीपी, सीओएल4ए1 अशा दुर्मिळ जनुकदोषांसाठी जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडेच जा.

मी डॉक्टर नाही. वडिलांचं बीपी 130/80च्या खाली ठेवायचं का, हे न्यूरोलॉजिस्टना विचारा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. स्टेंट किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असेल तर हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर एकमेकांशी बोलू देत. आणि पुढे कुणी विस्मरणासाठी लेकॅनेमॅब (अमायलॉइड काढणारं अल्झायमरवरचं औषध, ज्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो) सुचवलं, तर आधी या रक्तस्रावाचा कागद समोर ठेवा.