साक्षीदाराचा चेहरा वाचायला जाऊ नकोस

सप्रेम आशीर्वाद.

उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं प्रशिक्षण आटोपून तू तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून रुजू झालीस हे कानावर आलंच होतं. तरी पत्र लिहून कळवलंस, बरं वाटलं. हल्ली माझ्याकडे टपालाने येतात त्या फक्त बँकेच्या नोटिसा. तू विचारलंयस, साक्षीदार खोटं बोलतोय हे नुसतं बघून ओळखता यायला किती वर्षं लागतात?

येत नाही. वर्षं वाढली की येतं असं वाटायला लागतं, आणि तेच जास्त घातक. कधी कोर्टाची पायरी न चढलेली बाई पिंजऱ्यात उभी आहे, समोर उंचावर तू, बाजूला काळे कोट, मागच्या बाकावर तिची भावकी. ती अडखळणार नाही तर काय करेल? त्याउलट पोलीस ठाण्याजवळ टपरी असलेला नेहमीचा पंच. त्याने डझनावारी पंचनाम्यांवर सह्या केलेल्या असतात. तो न अडखळता, तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. घाम, नजर आणि आवंढा यांवरून खरं-खोटं ठरवायचं म्हटलं तर दर वेळी हा पंचच खरा ठरेल. साक्षीदाराच्या हावभावांची नोंद करायला कायद्याची मुभा आहे. ती जरूर कर, पण दिसलं तेवढंच लिही. ‘प्रश्नानंतर बराच वेळ गप्प राहिली, नंतर रडू लागली’ ही नोंद झाली. ‘उत्तर टाळत होती’ हा निष्कर्ष झाला, आणि तो साक्ष चालू असतानाच लिहून ठेवलास की निकालाच्या दिवशी मोडवत नाही.

एक उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. कारणांत एक मोठं कारण असं, की तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने जोराचा प्रतिकार केला नसावा. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं, की रात्री पोलीस ठाण्यात, दाराला कडी लावलेली असताना, वर्दीतल्या माणसापुढे ती मुलगी काय करणार होती? पुढे 1983 मध्ये कायदा बदलला. त्या निकालात कुणी लाच खाल्ली नव्हती, कुणी कायदा अडाणीपणाने वाचला नव्हता. ‘अशा वेळी माणूस असं वागतो’ हे चित्र आधीपासून डोक्यात होतं आणि ती मुलगी त्या चित्रात बसली नाही. अशी चित्रं तुझ्याही डोक्यात असणार. नवरा मेल्यावर न रडणारी बायको, चार दिवसांनी फिर्याद देणारा शेतकरी, मारामारी बघूनही मध्ये न पडलेला शेजारी. ‘हे अस्वाभाविक वाटतं’ असं लिहायला हात जाईल तेव्हा थांब आणि विचार, की अस्वाभाविक कुणाला?

मग बघायचं काय, म्हणशील. ती साक्ष तयार कशी झाली ते बघ. त्यातला अर्धा भाग तुझ्याच हातात असतो.

समज, म्हातारा साक्षीदार म्हणतो, ‘दिवेलागणीला गेलो होतो.’ वकील विचारतात, म्हणजे सात वाजता ना? तो मान डोलावतो. कुठल्याही वेळेला त्याने डोलावलीच असती, त्याच्याकडे घड्याळ नाही. टंकलेखक ‘सायंकाळी 7 वाजता’ टाइप करतो. पोलीस जबाबात त्याच हिशेबाने कुणीतरी साडेआठ लिहिलेलं असतं. आता उलटतपासात दीड तासाची तफावत बाहेर येते आणि म्हातारा खोटा ठरतो. वरचं कोर्ट त्याला कधी बघणार नाही, त्यांच्यापुढे फक्त तुझ्या कोर्टात टाइप झालेला कागद जाईल. म्हणून तो म्हणाला तसंच लिहून घे, दिवेलागण तर दिवेलागण. अहिराणी, भिली, माडिया बोलणारा असेल तर दुभाषा माग, आणि तो दुभाषा पोलीस शिपाई नको. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असतात, एवढा वेळ कुठून आणायचा, हे मला कळतं. तरीही.

मोघम राहिलेलं स्वतः विचारायचा अधिकार तुला आहे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 168 मध्ये, म्हणजे आमच्या वेळचं 165. तो वापर, पण सरकार पक्षाची राहिलेली फट बुजवण्यासाठी नव्हे. आणि आरोपीला वकील नसेल तर साक्ष पुढे रेटू नकोस, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळेपर्यंत थांब. उलटतपासाविना झालेल्या साक्षीला मी तरी साक्ष म्हणणार नाही.

आता जरा मोठं प्रकरण. 2003 च्या जूनमध्ये नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. सहा जण पकडले गेले, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. डोळ्यांनी बघणारे, जखमी झालेले साक्षीदार होते, आणि त्यांनी कोर्टात बोट दाखवून आरोपी ओळखले होते. आणखी काय हवं? मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्यातल्या जखमी बाईने पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्यांचा तपासच झाला नाही, आणि सरकार पक्षाने ही गोष्ट दडवली, असं न्यायालयाने म्हटलं. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली.

त्या बाईला मी खोटी म्हणणार नाही. तिच्या घरातली माणसं डोळ्यांदेखत गेली होती, आणि पोलिसांनी पुढे उभे केलेले चेहरे हळूहळू त्या रात्रीचे चेहरे होऊन बसले असावेत, असं मला वाटतं. आठवण ही गोधडीसारखी असते, फाटलं तिथे हाताला येईल ते ठिगळ लागतं आणि काही वर्षांनी मूळ कापड कुठलं ते शिवणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून ओळख परेडचा कागद समोर आला की तारखेपासून सुरू कर. अटक कधी, परेड कधी? मधल्या काळात आरोपीचा चेहरा झाकलेला होता का? पेपरात फोटो आला होता का? एका आरोपीमागे निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, होते का, आणि ते त्याच्याच वयाचे, बांध्याचे होते का? दाढीवाला एकटाच असेल तर त्या परेडला काय अर्थ आहे? आणि कोर्टातली ओळख तर फारच सोपी, आरोपी कुठे बसतो हे कुणालाही माहीत असतं.

आता आरोपीचा जबाब, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 351, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 313. यात फार हयगय होते. सगळा पुरावा एका लांबलचक प्रश्नात कोंबायचा आणि खाली उत्तर ‘खोटे आहे’. तसं करू नकोस. एका प्रश्नात एकच बाब, त्याला कळेल अशा भाषेत. अख्ख्या खटल्यात तो तुझ्याशी थेट बोलतो ती जवळपास एवढीच वेळ. त्याला जे विचारलंच नाही ते निकालपत्रात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे तर आहेच.

हे सगळं वाचून तू प्रत्येकाला सोडत सुटशील, अशी थोडी धास्तीही वाटते. 1973 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं होतं, की निर्दोषाला शिक्षा होणं हा जसा अन्याय, तसाच दोषी सुटणं हाही. त्याच निकालात गुन्हा ‘केला असू शकेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतलं अंतर मोठं आहे हेही आहे. लोक आपापल्या सोयीने एकच ओळ उचलतात. पंच फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष टोपलीत जात नाही. खरा ठरेल तेवढा भाग ठेवता येतो. संशय आला तर तो कशामुळे आला हे नेमकं लिहिता आलं पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर तो बहुधा तुझाच धीर खचल्याची खूण आहे.

गावातल्या बोलण्याचं काय, असंही विचारलंयस. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात 1959 मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, बाहेर वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. तुझ्यापुढे ज्यूरी नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आहेत, आणि ते तुझ्या कारकुनाच्याही फोनवर आहेत. चेंबरमध्ये चहा घेताना चालू प्रकरणावर कुणी बोलायला लागलं की विषय बदल. सभ्यपणे नाही जमलं तर उद्धटपणे बदल.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा नाशिकच्या त्या प्रकरणातली सर्वोच्च न्यायालयाची दोन्ही निकालपत्रं बरोबर आण. आधी 2009 चं वाच, त्यातलं तुला पटलेलं पेन्सिलीने अधोरेखित कर, आणि तोवर 2019 चं उघडू नकोस.