गणपतीला गावी जाताना घराकडे कोण बघणार?

प्रश्न : आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. गणपतीत इमारतीतली निम्मी घरं कुलूप लावून कोकणात जातात. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीत भरदुपारी घरफोडी झाली. यंदा मंडळाची मुलं काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालू म्हणतात. सेक्रेटरी म्हणतात, कॅमेरे आहेत, तेवढं पुरे. आम्ही काय करावं?
– एक गृहिणी

उत्तर : ताई, घरफोडी दुपारी झाली आणि गस्त रात्री घालायची ठरतेय! पोलीस खात्यात असताना दुपारच्या घरफोड्यांचे पंचनामे मी पुष्कळ केले. माणसं कामावर, मुलं शाळेत, म्हातारी मंडळी जेवून आडवी झालेली, हीच चोराची वेळ. तो आधी नुसता जिने चढून उतरतो. कडीला अडकलेला कालचा पेपर आणि दाराशी पडलेली दुधाची पिशवी त्याला सगळं सांगते. मग आजूबाजूच्या दारांना बाहेरून कड्या घालतो आणि कटावणीने कोयंडा उचकटतो. आवाजाने शेजारी जागा झाला तरी दार उघडत नाही. म्हणून लॅचचं कुलूप असेल, तर दाराबाहेरची कडी आजच काढून टाका.

गावी जाताना समोरच्या घरात सांगून जा. पेपर-दूध बंद करा. विश्वासाच्या घरी किल्ली द्या, म्हणजे संध्याकाळी दिवा लागेल, गॅलरीत दोन कपडे वाळत पडतील. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. 'आम्ही निघालो' असे रेल्वेतले फोटो मात्र परत आल्यावर टाका. दुपारी घरी असणाऱ्या बायकांनी आणि आजोबांनी मजल्यामजल्याचं लक्ष वाटून घ्यावं. अनोळखी माणूस दिसला की दार न उघडता आतूनच 'कोण पाहिजे?' एवढं विचारावं. हेरायला आलेला चोर बहुधा तेवढ्यावर काढता पाय घेतो.

सेक्रेटरींना सांगा, कॅमेऱ्याची तारीख-वेळ आणि रेकॉर्डिंग आज तपासून घ्या. कॅमेरा भिंतीवर असतो आणि रेकॉर्डिंग बंद, असं मी अनेकदा पाहिलंय. रेकॉर्डरची पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये उघडी ठेवू नका, चोर तीच उचलून नेतो. आणि वॉचमन सलग दोन पाळ्या करत असेल तर तो झोपणारच, त्याला दोष देऊ नका.

आता मुलांबद्दल. त्यांना जागू द्या, पण हातात शिट्टी आणि टॉर्च द्या, काठ्या नकोत. डोळ्यांदेखत घरफोडी करणाऱ्याला नागरिक पकडू शकतात, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं. सहा तासही थांबू नका, तिथल्या तिथे ११२ फिरवा. त्याच्या अंगाला कुणीही हात लावायचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. ते आठवलं की आजही माझं मन थाऱ्यावर राहत नाही. काठी हातात असली की संशय कुणावर जातो? भंगारवाल्यावर, फाटक्या कपड्यातल्या माणसावर.

गणपतीच्या आधी सोसायटीची मीटिंग लावा आणि तुमच्या बीटच्या पोलिसांना तिथे बोलवा. कुठली घरं किती दिवस बंद असतील याची यादी त्यांच्याच हातात द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.