स्वतःला दुखणं कमी जाणवत असेल तर दुसऱ्याचं दुखणं कळतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दाढ काढून आलात आणि गोळीसुद्धा न घेता संध्याकाळी दुकानात उभे राहिलात. पण बायकोची अर्धशिशी उठली, ती अंधार करून पडली, की ‘एवढं काय त्यात’ असं मनात येतं. मग रात्री स्वतःचाच राग येतो. दुखणं कमी जाणवतं म्हणून माझं मन दगडाचं झालंय का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. मी विदर्भातल्या एका कुष्ठरोग दवाखान्यात १४ वर्षं ड्रेसिंग आणि फिजिओथेरपीचं काम करते. माझ्यासमोर रोज अशी माणसं बसतात की तळपायात खिळा घुसला तरी त्यांना पत्ता लागत नाही.

कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या नसा खातात. सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतलं की जंतू मरतात, पण पार गेलेली नस सहसा परत येत नाही. मग गरम चहाचा स्टीलचा पेला, चुलीतलं लाकूड, चपलेतला खडा, कशाचीच खबर मेंदूपर्यंत जात नाही. म्हणून आम्ही शिकवतो, की रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, तेल लावायचं आणि दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा.

आमच्याकडे एक आजोबा येतात. दोन्ही तळवे बधिर, बोटं वाकलेली. एकदा त्यांच्या शेजारच्या बाकावर एका शाळकरी मुलीची जखम मी साफ करत होते. ती हूं की चूं करत नव्हती, म्हणून माझा हात जरा भरभर चालला होता. आजोबा म्हणाले, “हळू करा न ताई, पोरीले दुखून राह्यलं.” मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिने मान फिरवलेली. आजोबांनी मात्र तिचा दुसरा पाय पाहिला होता. त्या पायाची बोटं तिने आत गच्च मुडपून घेतली होती. स्वतःच्या पायाला काय झालंय हे ज्याला रोज डोळ्यांनीच शोधावं लागतं, त्याची नजर अशी तयार झालेली असते.

तुम्ही म्हणाल, आजोबांना तरुणपणी दुखत होतंच, ती आठवण असेल. बरोबर आहे. म्हणूनच जन्मापासून वेदना न कळणाऱ्या माणसांचा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. निकोलस डान्झिगर या फ्रेंच डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा १२ जणांना दुसऱ्यांना इजा होतानाचे व्हिडिओ दाखवले. इजा झालेल्याचा चेहरा दिसत नव्हता, आवाजही नव्हता, तेव्हा त्यांनी दुखण्याचा अंदाज कमी धरला. चेहरा दिसला की मात्र त्यांना वेदना जवळपास इतरांइतकीच ओळखता आली. त्यांच्यातही जो मुळात दुसऱ्याचा विचार जास्त करणारा, त्याचा अंदाज जास्त जवळ जायचा.

तुमच्या घरात नेमकं हेच होतंय असं मला वाटतं. अर्धशिशीला जखम नाही, रक्त नाही. बाई अंधारात, डोक्यावर पदर ओढून पडलेली. चेहराच दिसत नाही म्हटल्यावर तुमच्या हातात फक्त स्वतःची मोजपट्टी उरते, आणि ती तुमच्या दाढेवरून बनलेली आहे.

स्वतःच्या दुखण्याचा आणि दुसऱ्याचं दुखणं कळण्याचा संबंध अजिबात नाही असं मात्र नाही. २००४ मध्ये लंडनला टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर प्रयोग केला. बायकांचा मेंदू तपासताना कधी त्यांच्या, कधी जोडीदाराच्या हाताला विजेचा झटका दिला. कुठे आणि कसं टोचलं हे नोंदवणारे भाग स्वतःच्याच वेळी जागे झाले, पण ‘हे नकोसं आहे’ या भावनेशी जोडलेले भाग दोन्ही वेळा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत तर असं दिसलं, की पॅरासिटामॉल हे दुखणं कमी करणारं औषध १००० मिलिग्रॅम घेतलेल्यांना दुसऱ्याच्या दुखण्याची तीव्रता थोडी कमी वाटली. (म्हणून कुणी ताप अंगावर काढू नका, फरक लहान होता.)

उलटंही पाहिलंय. आमच्याकडे एक नवी मुलगी कामाला आली होती, फार हळवी. जखम उघडली की तिलाच घेरी यायची, ती बाहेर जाऊन बसायची. तिला खरंच लागायचं, पण त्या गडबडीत पेशंटकडे बघायचं राहून जायचं. पुढे ती नजर न हटवता थांबायला शिकली आणि आता तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही.

पुढच्या वेळी अर्धशिशी उठली की दिवा न लावता आत जा आणि हळू आवाजात एकदाच विचारा, “दहापैकी किती?” आम्ही पेशंटला असंच विचारतो. आठ म्हणाली तर आठ. तुमच्या दाढेशी ताडून बघू नका. अजून काही बोलवत नसेल तर उलटीसाठी भांडं जवळ ठेवा, टीव्हीचा आवाज बंद करा आणि थोडा वेळ तिथेच बसा. डोळे अंधाराला सरावले की तिची मूठ कशी वळलीय, श्वास कुठे अडकतोय, ते तुम्हाला दिसायला लागेल.