करार वाचताना परिशिष्टे आधी वाच

विश्रामबाग, सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकल्पांचे करार तपासण्याच्या दिल्लीतल्या कामावर रुजू होण्याआधी तू विचारले आहेस की, श्रीमंत देश आपल्यासारख्या देशांना स्वच्छ ऊर्जेसाठी जो पैसा देतात त्याला मदत म्हणायचे की व्यवहार. माझ्या मते तो व्यवहार आहे, आणि तसे मानून तो नीट केला तर दोन्ही बाजूंच्या पदरात काही पडते. फक्त त्याचे मोल वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या रकमेवरून ठरवू नकोस. रुपया घसरला, वीजबिल थकले किंवा यंत्र बंद पडले तर तोशीस कोणाला लागणार, हे ज्या कलमांत लिहिलेले असते त्यांवरून ते मोल ठरते, आणि ही कलमे बहुतेक वेळा बाडाच्या शेवटी, परिशिष्टांत, बारीक टाइपात असतात. तेव्हा वाचनाला तेथूनच सुरुवात करावीस असे मी सुचवीन.

या सगळ्यामागचे तत्त्व १९९२ सालच्या हवामानविषयक आराखडा करारात आहे. जबाबदारी सर्वांची, पण ज्यांनी शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती उभी केली त्यांची अधिक, असे तेथे मान्य झाले. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत विकसित देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते त्यांच्याच हिशेबाने पहिल्यांदा २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातही सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत त्यावर हरकत नोंदवली. ती हरकत मला रास्त वाटते. पण तू ज्या खुर्चीवर बसणार आहेस तेथून जगाच्या वाटणीचा न्याय करता येणार नाही. तुझ्यासमोर एका वेळी एक प्रकल्प आणि एक करार येईल. म्हणून पुढचे सारे त्याविषयी लिहितो.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घे. म्हैसाळजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने मिरज, कवठे महांकाळ आणि जतच्या माळापर्यंत चढवणारी उपसा सिंचन योजना तू लहानपणापासून पाहिली आहेस. पहिल्या टप्प्याचे पंप चालू झाले, वरचा हौद भरला, की मग दुसऱ्या टप्प्याची मोटर चालू करायची, असा तो जिना आहे आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर मीटर फिरत असतो. पाणी नदीत असूनही वीजबिलाच्या थकबाकीमुळे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, लांबल्याची बातमी आपल्याकडे कित्येक उन्हाळ्यांत छापून आलेली आहे. पुढे शासनाने बिलातला ८१ टक्के भार स्वतःवर घेऊन १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांकडे ठेवला. त्यातला बराच भाग उसाच्या बिलातून कापला जातो आणि ती कपात कोणालाही आवडत नाही. या योजनेची वीज सूर्यापासून मिळावी म्हणून जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून जत तालुक्यात सुमारे २०० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्याचे राज्य शासनाने ठरवले आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणून ज्याचा उल्लेख परिषदांत होतो, ते आपल्याकडे असे पंपघराच्या दारापर्यंत आलेले आहे.

आता या प्रकारच्या प्रकल्पाकडे परिशिष्टांतून कसे पाहायचे ते सांगतो. पहिली गोष्ट चलनाची. परदेशी विकास बँकेचा व्याजदर आपल्या बँकांच्या निम्म्याहूनही कमी दिसतो आणि तो पाहून मंडळी हुरळून जातात. परंतु कर्ज युरोत असते आणि पाणीपट्टी रुपयांत गोळा होते. २०१५ च्या सुमारास एक युरो ७०-७२ रुपयांना मिळत होता. २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. याचा अर्थ दहा वर्षांत रुपयातला बोजा सुमारे ४० टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढला. कागदावर २ टक्के व्याज असेल तर प्रत्यक्षात ते साडेपाचच्या घरात जाते. तरीही ते देशी कर्जापेक्षा स्वस्त पडू शकते, हे मी नाकारत नाही. मात्र ते जितके स्वस्त दिसते तितके नसते. त्यातच २००५ नंतर केंद्र सरकार असे कर्ज ज्या अटींवर घेते त्याच अटींवर ते राज्याला देते, त्यामुळे विनिमयदराचा फटका शेवटी राज्याच्या तिजोरीला बसतो. तुझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात रुपया वर्षाला ३ ते ४ टक्क्यांनी घसरेल असे धरून परतफेडीचे कोष्टक स्वतः मांडून पाहा. कोणी ते मांडून आणलेले असेल तरी पुन्हा मांड.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि येथे जरा थांबावे लागेल, कारण अहवालांत ती हमखास निसटते. आपल्या भागात एक मेगावॅटच्या सौर संचापासून वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट वीज मिळते. म्हणजे २०० मेगावॅटपासून ३० ते ३४ कोटी युनिट. हा आकडा योजनेच्या वार्षिक वापराशेजारी ठेवला की गणित सुटल्यासारखे वाटते. पण आवर्तन सुरू असताना पंप रात्रंदिवस चालवावे लागतात आणि सूर्य सहा वाजता मावळतो. उलट ज्या महिन्यांत पंप बंद असतात त्या महिन्यांतही पॅनेल वीज तयार करतच राहतात. दुपारी जास्त झालेली वीज महावितरणच्या जाळ्यात घालायची आणि रात्री परत घ्यायची, तर त्या देवाणघेवाणीचा दर, वहन आकार (जाळ्यातून वीज नेण्याचे शुल्क), आणि वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे काय करायचे, हे सर्व वीज नियामक आयोगाच्या नियमांवर अवलंबून राहते. कर्ज देणारी बँक फ्रँकफर्टमध्ये आहे, नियम मुंबईत ठरतात आणि कर्जाची मुदत संपायच्या आत ते अनेकदा बदलतात. नियम बदलला तर प्रकल्पाचे उत्पन्न किती घटेल, याचे उत्तर करारात नसेल तर ते विचारण्याचे काम तुझे आहे.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. जतच्या माळावर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जी धूळ उडते ती पॅनेलवर बसते आणि वीज कमी होते. पॅनेल धुवायचे तर पाणी हवे, आणि जेथे प्यायला टँकर येतो तेथे काचा धुवायला टँकर आणलेला लोक सहन करणार नाहीत. त्यांनी ते सहन का करावे? पाण्याविना ब्रशने काच साफ करणारी यंत्रे आता मिळतात. ती निविदेत आहेत का, आणि दहा वर्षांनी त्यांचे सुटे भाग बदलायचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून भागवायचा, हे पाहा. परदेशी पैशाने उभारणी होते. देखभालीला मात्र तो बहुधा मिळत नाही. उद्घाटनाची फीत कापली गेली की पुढची पंचवीस वर्षे आपली असतात.

आता चांगल्या सहकार्याचा नमुना. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचा २०१७ चा लिलाव तू अवश्य अभ्यासावास. तेथे पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला, आणि त्याआधीच्या वर्षात चार रुपयांच्या वरचा दरसुद्धा विक्रमी समजला जात होता. पॅनेल स्वस्त झाली होती हे खरे, पण एवढ्याने दर इतका उतरला नसता. जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने सल्लागार म्हणून व्यवहाराची बांधणी करून दिली, जमीन आणि पारेषणवाहिनी यांची सोय आधी झाली, आणि खरेदीदाराने पैसे थकवले तर आधी राखीव निधी आणि त्यामागे राज्य शासनाची हमी अशी रचना उभी राहिली. गुंतवणूकदाराची भीती कमी झाली आणि म्हणून त्याने दर उतरवला. बाहेरच्या मंडळींकडून घ्यायचे ते हे: करार घडवण्याचे कसब. ते एकदा हाती आले की पुढच्या निविदेला त्यांना बोलवावे लागत नाही.

तंत्रज्ञानाचेही तसेच. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या त्या काळात या धंद्यातले ज्ञान डेन्मार्क आणि जर्मनीकडे होते. त्याआधी १९८० च्या दशकाअखेर डेन्मार्कच्या शासकीय मदतीतून गुजरात आणि तमिळनाडूत पवनऊर्जेचे पहिले मोठे प्रकल्प झाले होते. सुझलॉनने १९९५ मध्ये एका जर्मन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात केली आणि २००७ मध्ये रीपॉवर ही जर्मन कंपनी ताब्यात घेण्यापर्यंत मजल मारली. पुढे कर्जाच्या ओझ्यापायी ती विकावी लागली, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. तरीही मुद्दा उरतोच: त्या पठारांवर पात्यांची दुरुस्ती करणारी, गिअरबॉक्स उतरवणारी पाटण आणि साताऱ्याची मुले तयार झाली. एखाद्या करारात ‘क्षमताबांधणी’ या शीर्षाखाली केवळ परदेश दौरे आणि पंचतारांकित कार्यशाळा दिसल्या, तर तेथे लाल पेन्सिलीने खूण कर. आयटीआय झालेल्या मुलांसाठी प्रत्यक्ष संचावरचे प्रशिक्षण मागितले तर देणारे सहसा नाही म्हणत नाहीत. मागणाराच कमी पडतो.

कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल, थोडक्यात. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली, म्हणजे अशी क्रेडिट देणाऱ्या व्यवस्थेखाली, आपल्याकडच्या कितीतरी पवनचक्क्यांची नोंदणी झाली होती आणि त्या उत्पन्नावर लोकांनी मनोरे बांधले होते. २०१२ च्या अखेरीस त्या क्रेडिटचा भाव टनाला एक युरोच्याही खाली गेला. आता पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली नवी व्यवस्था येत आहे, आणि तिच्यात एक मेख आहे: आपण विकलेली उत्सर्जनकपात आपल्या राष्ट्रीय उद्दिष्टात धरता येत नाही. सोपी, स्वस्त कपात आज विकून टाकली तर उद्या आपल्या वाट्याला महागडीच उरते. जो प्रकल्प या उत्पन्नाशिवाय उभा राहू शकत नाही, त्याकडे मी तरी साशंक नजरेने पाहीन.

तू दक्षिण आफ्रिकेच्या न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारीचाही, म्हणजे कोळसा सोडण्यासाठी श्रीमंत देशांनी पैसा देण्याच्या कराराचाही, उल्लेख केला आहेस. २०२१ मध्ये ग्लासगो येथे तिच्यासाठी ८.५ अब्ज डॉलर जाहीर झाले. तपशील बाहेर आला तेव्हा त्यात अनुदान अवघे ४ टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंगच काढून घेतले. कोमाटी येथील कोळशावरचे वीजकेंद्र २०२२ मध्ये बंद झाले, परंतु तेथल्या कामगारांची आणि गावाची पुढची सोय वेळेत लागली नव्हती, असे त्या देशाच्याच हवामान आयोगाला म्हणावे लागले. भारताने अशी भागीदारी स्वीकारलेली नाही. ते शहाणपणाचे झाले असे मला वाटते, पण चंद्रपूर किंवा परळीचे कोळशावरचे जुने संच मोडीत काढायची वेळ येईल तेव्हा कामगारांचा प्रश्न आपल्यालाही चुकणार नाही.

राहिली जमीन. कोयनेच्या सुरुवातीच्या आणि चौथ्या टप्प्याला जागतिक बँकेचे कर्ज होते. आज तो १,९६० मेगावॅटचा प्रकल्प राज्याच्या विजेचा मोठा आधार आहे, आणि त्याचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसलेले आपण पाहिले आहेत. सौर प्रकल्पात गावे बुडत नाहीत, म्हणून हा भाग चटकन उरकण्याकडे कल असतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे लोकांना विचारण्याची सक्ती बऱ्याचदा केवळ कर्ज देणाऱ्या बँकेच्या अटींमुळेच येते. परकीय अटींविषयी आपल्या कार्यालयांत नाके मुरडली जातात. या अटीबाबत तू मुरडू नकोस. जतच्या माळाची नोंद कागदावर ‘पडीक’ अशी असली तरी पावसानंतर त्यावर गवत येते आणि माडग्याळी मेंढ्यांचे कळप त्यावर चरतात. कुंपण पडले की मेंढपाळाची वाट बंद होते, आणि सातबारावर त्याचे नाव नसल्याने भरपाईच्या यादीतही ते येत नाही. अहवालात जमिनीचा वापर कोणत्या महिन्यात पाहिला हे विचार. मे महिन्यात पाहिला असेल तर तो पुन्हा पाहायला लाव. गावकऱ्यांशी सल्लामसलतीची बैठकही दिवाळीआधी ठेवायला सांग, कारण त्यानंतर बरेच मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात.

पहिला मसुदा हाती आला की त्यातली गोपनीय नसलेली कोष्टके मला पाठव. परतफेडीचे गणित मी इकडे करून पाहीन आणि आपण दोघांचे आकडे ताडून पाहू.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
जुना शिक्षक