बुद्ध्यंक, बुद्ध्यांक नव्हे

बारावीला मानसशास्त्र घेतलेल्या एका मुलीने विचारलंय: बुद्धिमत्तेच्या सिद्धान्तांचा अभ्यास करताना आयक्यूला कुठे ‘बुद्ध्यांक’ दिसतं, कुठे ‘बुद्ध्यंक’, कुठे ‘बुद्धिगुणांक’. पेपरात काय लिहू? आणि ‘बुद्धी’ व ‘बुद्धिमत्ता’ यांत फरक काय?

बुद्ध्यंक लिही. बुद्धि अधिक अंक. इ-पुढे अ आला की ‘य’ होतो, ‘या’ होत नाही. अति-अंत अत्यंत, गति-अंतर गत्यंतर. क्रमांक, दिनांक, गुणांक या शब्दांतला ‘आंक’ जिभेवर बसला आहे म्हणून लोक ‘बुद्ध्यांक’ म्हणतात. पण तिथले क्रम, दिन, गुण हे शब्द अकारान्त आहेत; तिथे अ-ला अ मिळून ‘आ’ होतो. ‘जात्यांध’ हीच चूक. जात्यंध! क्लासच्या फलकांवर तर ‘बुध्यांक’ असतं, म्हणजे द सुद्धा गळाला. रूढ झालं ते शुद्ध, असं सांगणाऱ्या अभ्यासकांशी माझं इथे मुळीच पटत नाही. नवा अर्थ घेऊन आलेल्या रूढीपुढे मी मान तुकवीन. इथे कोणता नवा अर्थ आला?

‘बुद्धिगुणांक’ला संधीचा दोष नाही, अर्थाचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने १९१२ साली मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं ते वय) प्रत्यक्ष वयाने भागायचं सुचवलं. अमेरिकेत टर्मनने १९१६च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत तो भागाकार १००ने गुणून वापरला. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १२ असेल तर बुद्ध्यंक १२०. (नुसते १२०. ‘१२० टक्के’ म्हणणाऱ्यांना कुणीतरी थांबवा.) मुळात जे भागाकाराचं उत्तर आहे त्याला गुणांक का म्हणायचं? शिवाय वेक्सलरच्या चाचण्यांपासून, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) १५ धरून, मूल आपल्या वयाच्या मुलांत कुठे बसतं ते पाहतात. भागाकारही उरलेला नाही. ‘अंक’ मात्र दोन्हीकडे खरा.

पण या शब्दातली खरी मौज अंकात नाही, ‘बुध्’ धातूत आहे. बुध् म्हणजे जागं होणं. जाणणं हा अर्थ त्यातूनच आला. बुद्ध म्हणजे जागा झालेला. कार्तिकी एकादशीला प्रबोधिनी म्हणतात, कारण आषाढीला निजलेला विष्णू त्या दिवशी उठतो. रशियन भाषेत गजराच्या घड्याळाला ‘बुदीलनिक’ म्हणतात, तोही याच मुळाचा! आणि आपलं रोजचं ‘समजणे’? संस्कृत संबुध्यते, प्राकृत संबुज्झइ, मग समजणे. ‘मला समजलं’ म्हणताना आपण ‘मला नीट जाग आली’ असंच म्हणत असतो. ‘उमजणे’सुद्धा मी उद्-बुध् यावरून लावतो. कुणी ते ‘उन्मज्ज्’, म्हणजे पाण्यातून वर येणे, यावरून लावायला जाईल; पण समजणे-उमजणे ही जोडी मराठी माणूस एका श्वासात बोलतो, आणि ती एकाच घरची असणार हे मला जास्त पटतं. ‘इंटेलिजन्स’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिनमध्ये ‘निवडणे’ आहे. आपल्या शब्दात जाग आहे. ज्या आल्फ्रेद बिनेने सिमोंबरोबर १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी बनवली, तोही बुद्धी ही जन्मभर तेवढीच राहणारी ठरीव राशी मानत नव्हता; ती सरावाने वाढते असं त्याने ठासून लिहिलं. त्याला आपला धातू आवडला असता.

राहिला दुसरा प्रश्न. बुद्धी ही शक्ती. बुद्धिमत्ता म्हणजे ती अंगी असणं. बुद्धिमत् अधिक ता, म्हणून त-ला त जोडलेला, आणि समासात ‘द्धि’ ऱ्हस्व. या हिशेबाने १९८३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गार्डनरने भाषिक, सांगीतिक, अवकाशीय अशा ज्या वेगवेगळ्या सांगितल्या, त्या बुद्धीच. त्यांना ‘बहुविध बुद्धी’ म्हणायला हवं होतं. पाठ्यपुस्तकं ‘बहुविध बुद्धिमत्ता’ म्हणतात. गुण जायला नकोत, तेव्हा पेपरात तेच लिही; पण ‘बुद्धिमता’ नको.